गूंबा

गूंबा (जपानी नाव: कुरिबो) हा निंतेंडो या जपानी कंपनीच्या ‘सुपर मारिओ’ व्हिडिओ गेम मालिकेतील शत्रुपक्षाचा एक प्राणी आहे. तपकिरी भूछत्रासारखे डोके, रागीट भुवया, वर आलेले दोन सुळे आणि आखूड पाय असे त्याचे रूप असून त्याला हात नाहीत. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये प्रकाशित झालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात तो प्रथम दिसला. जपानी भाषेत ‘कुरी’ म्हणजे चेस्टनट हे फळ. त्यावरून त्याचे मूळ नाव पडले.

निर्मिती

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या या खेळात खेळाडूसमोर येणारा पहिला शत्रू गूंबा असला, तरी तो तयार झाला सर्वांत शेवटी. आधी कुपा ट्रूपा नावाचे कासव हाच पहिला शत्रू होता. कासवावर उडी मारली की ते कवचात शिरते. ते कवच लाथाडता येते, पण आपटून परत आले तर मारिओचाच बळी घेते. नवख्याला हे फार अवघड जात असे. म्हणून एका उडीत चिरडला जाईल असा साधा शत्रू हवा होता.

तोपर्यंत काडतुसातील जागा जवळजवळ संपली होती. संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. त्यामुळे गूंबाच्या चालण्यासाठी दोन चित्रे न काढता एकच चित्र आरशातल्याप्रमाणे डावे-उजवे उलटवत ठेवले. त्याची ती डुलत चालण्याची लकब या काटकसरीतून आली आहे.

खेळातील कार्य

गूंबा सरळ चालतो, अडथळा लागल्यास वळतो आणि कडा आल्यावर न थांबता खाली पडतो. त्याला चिरडल्यास १०० गुण मिळतात. जमिनीला पाय न लावता एकामागून एक चिरडत गेल्यास गुण वाढत जातात.

पहिल्या पातळीतील पहिला गूंबा विशेष अभ्यासनीय आहे. मारिओ डावीकडे उभा असतो आणि गूंबा उजवीकडून चालत येतो. काहीच न केल्यास मारिओ मरतो. पण आरंभापासून फारसे अंतर गेलेले नसल्याने पुन्हा प्रयत्न करण्यात नुकसान नसते. एक शब्दही न लिहिता उडी मारण्याचा धडा येथे दिला जातो. चांगल्या अंकलिपीलाही याहून अधिक काही साधत नाही. लगेच पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून गूंबासारखेच दिसणारे भूछत्र निघते. ते नळावर आपटून मारिओकडे परत येते. घाबरून उडी मारली, तरी वरच्या विटांवर डोके आपटून मारिओ बहुधा त्यावरच पडतो आणि मोठा होतो. सारखे दिसणारे सर्वच घातक नसते, हे खेळाडूला अशा रीतीने कळते.

पुढील रूपे

‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) मध्ये पंख असलेला पॅरागूंबा आला. याच खेळात बुटात बसून उड्या मारणारा गूंबाही आहे आणि तो बूट मारिओला हिसकावून घेता येतो. ‘पेपर मारिओ’ (२०००) मध्ये गूंबारिओ नावाचा गूंबा मारिओचा सोबती होतो. १९९३ च्या चित्रपटात मात्र गूंबा धिप्पाड देहाचे व चिमुकल्या डोक्याचे दाखवले असून मूळ रूपाशी त्यांचे साम्य जवळजवळ नाही. ‘सुपर मारिओ ओडिसी’ (२०१७) मध्ये टोपी फेकून खेळाडू स्वतःच गूंबा होतो आणि इतर गूंबांच्या डोक्यावर चढून उंच मनोरा रचतो.