पत्र्याच्या डब्यातला संबळ

वैशाखातल्या दुपारी पाचोऱ्यात कुत्रंही सावली सोडत नाही. त्या उन्हात एका पत्र्याच्या खोलीत, पंखा बंद करून, बँडमधला एक पोरगा ऑक्टापॅडपुढे बसला होता. पंखा चालू असला की काठी उचलल्यावर मागे उरणारी आवाजाची शेपटी ऐकू येत नाही, आणि त्याचं सगळं भांडण त्या शेपटीशीच होतं. ठोका मारायचा, कान द्यायचा, एक आकडा कमी करायचा, पुन्हा ठोका. दारात बसलेल्या काकांनी आयुष्यभर हलगी वाजवलेली. तासाभराने ते एवढंच बोलले, "हाई संबळ नही शे रे पोऱ्या. पत्राना डबा शे."

खानदेशात वरात असो, कानबाईचं विसर्जन असो की गणपती, छोट्या हत्ती टेम्पोवर रचलेल्या भोंग्यांच्या भिंतीपुढे हे यंत्र असतंच. दोन ओळींत आठ रबरी चौकोन, म्हणून ऑक्टापॅड. नाव जपानच्या रोलँड कंपनीचं, पण आपल्याकडे ते डालड्यासारखं झालंय. कोणत्याही कंपनीचा पॅड असो, लोक ऑक्टापॅडच म्हणतात. १९८५ साली आलेल्या पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. ठोका पडला की तो दुसऱ्या यंत्राला फक्त निरोप धाडायचा: अमुक चौकोन, इतक्या जोराने. निरोपाची ही भाषा म्हणजे मिडी. ती १९८३ पासून रूढ झाली आणि तिच्यात ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. गावोगावच्या बँडवाल्यांचं ज्याच्याशी लग्न लागलं ते मॉडेल मात्र पुढचं, एसपीडी-२०. त्याच्या पोटात सातशे आवाज आणि ९९ पॅच.

पॅच म्हणजे आठ चौकोनांची मांडामांड. कुठे कोणता आवाज, किती चढा, किती लांबणारा, हळू मारलं तर एक आणि जोरात मारलं तर दुसरा, हे सगळं वादक ठरवतो आणि साठवून ठेवतो. कारखान्यातून येतात ते पॅच ड्रमसेटवाल्यांच्या सोयीचे. ते तसेच वाजवणाऱ्याला आमच्याकडे कोणी वादक म्हणत नाही.

आता गंमत अशी की एसपीडी-२० मध्ये बाहेरचा आवाज भरता येत नाही. नंतरच्या एसपीडी-एसएक्ससारख्या सॅम्पलिंग पॅडमध्ये खरा संबळ रेकॉर्ड करून सरळ चौकोनावर बसवता येतो. इथे ती सोय नाही. जे आहे त्यातूनच नसलेलं घडवायचं. मला विचाराल तर या उणिवेनेच आमच्या पोरांना कान दिला.

संबळ म्हणजे भांड्यांची जोडी, एक चढं बोलणारं, दुसरं खर्जाचं. वाजवायच्या दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वाकलेलं. पोराने चढ्या भांड्यासाठी टिंबाल निवडला होता. हा मूळचा क्यूबाकडचा ढोल, पण त्याचं अंग धातूचं, म्हणून नातं जुळतं. टिंबाल नुसता ठेवला तर तो खणखणतो. त्याची शेपटी कापली की आवाज चामड्याकडे सरकतो. फार कापली तर टिचकी उरते. खर्जासाठी डग्ग्याचा आवाज खाली उतरवला आणि त्याच चौकोनावर त्याच्या पाठीशी एक जाड ठोका लपवला. हळू मारलं तर एकटा डग्गा, काठी जोरात बसली की दोन्ही. कागदावर सगळं बरोबर होतं. तरीही काका म्हणत होते तो डबाच.

काकांच्या हातातली हलगी यंत्राहून लहरी. हवा दमट झाली की चामडं सैल पडतं, मग कागद, पाचट पेटवून ती शेकायची. पोरगा तेच काम एका बटणाने करतो. यात काकांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते खोटं नाही. ढोल, हलगी, संबळ आणि झांज अशी चार माणसं बिदागी घेऊन जायची, तिथे आता स्टँडमागे एकटा उभा असतो. यंत्राचं कौतुक करताना हा हिशेब मी गिळून टाकू शकत नाही. आवाजाचंही तेच. भोंग्यांपुढून गेलं की छातीच्या फासळ्या मोजता येतात.

हा दणका यंत्रालाही बाधतो. गाडी हादरली, खर्ज वाढला की न मारलेला चौकोन आपोआप वाजतो. उपाय म्हणून सेन्सर जरा बधिर करायचा, म्हणजे बारीक धक्का तो मानत नाही. पण बधिर केला की काठीचे नाजूक बोलही गिळले जातात. म्हणून स्टँडखाली जुनी चप्पल कापून घालतात. वरातीपुढे नाचणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही.

रस्ता यंत्राच्या कारखान्याने आखलेला, प्रवासी मात्र भलतीकडे निघालेला, असं आपल्याकडे पूर्वीही झालंय. १९८२ मध्ये मुंबईत वादक चरणजित सिंगांनी रोलँडचीच तीन यंत्रं जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे बास गिटारवाल्याची जागा घ्यायला काढलेलं. सिंगांनी त्याच्या एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याच्या खोडीतून मींड काढली. रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या क्लबवाल्यांनी कपाळाला हात लावला: आपण शिकागोत जन्मलं म्हणतो ते संगीत इथे आधीच?

पाचोऱ्यात क्लब नाही, वह्या आहेत. शंभर पानी वहीत पॅचचा क्रमांक, पुढे आठ रकाने, प्रत्येकात आवाज, चढ आणि शेपटीचे आकडे. उस्ताद ही वही सहसा दाखवत नाहीत. वहीची किंमत मला चुलतभावाच्या वरातीत कळली. कुणीतरी चुकीची बटणं दाबून यंत्र चालू केलं आणि ते जन्माला आलं तसं कोरं झालं. वही घरी राहिलेली. नवरदेव मारुतीच्या पाराला पोचेपर्यंत आम्ही अमेरिकी ड्रमसेटवर नाचलो.

या पोराच्या वहीत शेवटच्या पानावर 'पीजे' असंही एक नाव होतं. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी आता बंद आहे. रुळांच्या सांध्यावरची तिची खटखट त्याने तीन चौकोनांवर बसवलेली, शिट्टी चौथ्यावर. वरातीत कोणी मागत नाही, म्हणाला, पण वाजवून दाखवली. काका पहिल्यांदा हसले.

मग ते उठले, पोराच्या हातातली काठी घेतली आणि चौकोनाच्या मधोमध न मारता कडेला, तिरपी, ओढत मारली. यंत्राला असा फटका कमी जोराचा वाटतो. आकडा खाली येतो, लपवलेला ठोका गप्प राहतो. नुसता डग्गा घुमला, टिंबालच्या टिचकीत मिसळला. पोराने घाईने शेपटी दोन आकड्यांनी वाढवली. काकांनी पुन्हा मारलं, मान तिरकी करून ऐकलं, काठी परत दिली.

"आते डबा पितळना शे," म्हणाले, आणि पंखा लावायला सांगितला.