सहा वॅटांचे दोन प्रोसेसर

सूरजागडाचें नांव काढिलें कीं तेथील लोहखनिजाची आठवण व्हावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु एटापल्ली तालुक्यांतील या डोंगराळ मुलुखांत ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर पुढें शिकूं पाहते, त्या घरीं आज निराळ्याच वस्तूची चर्चा चालते. ती वस्तु म्हणजे लॅपटॉप होय. तेंदूपत्ता, मोहफुलें व धान यांच्या उत्पन्नांतून शिल्लक टाकून ती घेतली जाते व एकदांच घेतली जाते. ती निरुपयोगी ठरली तर लागलीच दुसरी घेण्याची ऐपत बहुतेकांस नसते. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार आम्ही येथें मांडीत आहों.

स्वस्त लॅपटॉपांत इंटेल कंपनीचे दोन प्रोसेसर वारंवार आढळतात. एक सेलेरॉन एन ४०२०. हा २०१९ सालच्या अखेरीचा. दुसरा एन १००. हा २०२३ सालच्या आरंभीं निघाला. दोहोंच्या माहितीपत्रकांत ‘६ वॅट’ हा एकच अंक छापलेला असतो. तो पाहून विद्यार्थी विचारतात, “गुरुजी, वीज सारखीच लागते, तर कामही सारखेंच होणार ना?” या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. तें कां, हें पाहूं.

प्रथम वॅटाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. प्रोसेसर दीर्घकाळ कामांत असतां किती उष्णता बाहेर टाकण्याची सोय करावी, हें लॅपटॉप बनविणारास कळावें म्हणून हा अंक दिलेला असतो. क्षणभर प्रोसेसर त्याहून अधिक वीज घेऊं शकतो. स्वस्थ असतां फारच थोडी घेतो. त्या विजेच्या मोबदल्यांत काम किती होतें, हें मात्र त्या अंकावरून कळत नाहीं. ६० वॅटांचा जुना तारेचा दिवा व ९ वॅटांचा एलईडी दिवा यांचा उजेड जवळजवळ सारखा पडतो, हें आपण पाहतोंच. तोच न्याय येथेंही लागू आहे.

आतां दोहोंची रचना पाहूं. एन ४०२० मध्यें काम करणारे कोअर दोन आहेत. एन १०० मध्यें चार. कोअर म्हणजे प्रोसेसरांतील स्वतंत्र मजूर असें समजावें. धानाच्या रोवणीस दोहोंऐवजीं चार माणसें लागलीं तर बांधी अर्ध्या वेळांत पुरी होते, कारण तें काम वांटून घेतां येतें. परंतु नाल्यांतून एकच बंडी पार न्यावयाची असेल तर मागें कितीही बैल उभे असोत, जुंपलेल्या जोडीच्या चालीवरच सर्व अवलंबून असतें. संगणकाचीं कामेंही अशींच दोन प्रकारचीं असतात. म्हणून कोअरांच्या संख्येबरोबर एकेका कोअरची चालही पाहिली पाहिजे.

ही चाल गिगाहर्ट्झमध्यें सांगतात. एन ४०२० ची कमाल चाल २.८ गिगाहर्ट्झ व एन १०० ची ३.४ गिगाहर्ट्झ आहे. भागाकार केल्यास नवा जेमतेम सव्वापट ठरतो. तथापि एकाच कोअरचें काम प्रत्यक्ष मोजणाऱ्या चांचण्यांत तो दीडपटीहून अधिक भरतो. हा जास्तीचा लाभ कोठून आला? नव्या कोअरची घडणच अशी आहे कीं, प्रत्येक ठोक्यास तो अधिक आज्ञा पुऱ्या करितो. पावलें थोडीं अधिक आणि प्रत्येक पाऊल अधिक लांब, असा हा प्रकार आहे. त्यांत कोअर दुप्पट असल्यामुळें, वांटून करतां येणाऱ्या कामांत एन १०० सुमारें तिपटीनें पुढें जातो.

या वेगाचा विजेशीं निकट संबंध आहे. समजा, एखाद्या कामास जुन्यास ६० सेकंद व नव्यास २० सेकंद लागले आणि दोहोंनीं तेवढा वेळ ६ वॅट वीज घेतली. जुन्याची ऊर्जा ३६० ज्यूल झाली, नव्याची १२० ज्यूल. काम लवकर उरकून जो विसांवा घेतो, त्याचा खर्च कमी होतो. तरीपण सर्व श्रेय प्रोसेसरास देऊं नये. पडद्याचा उजेडही वीज खातो. ३८ वॅट-तासांची बॅटरी व एकूण खर्च ८ वॅट धरला तर लॅपटॉप पावणेपांच तास चालेल. उजेड कमी करून खर्च ६ वॅटांवर आणिला तर तोच सव्वासहा तासांवर चालेल. जेथें पावसाळ्यांत वीज वरचेवर जाते, तेथें हा दीड तास म्हणजे एका संध्याकाळचा अभ्यास होय.

उन्हाळ्याचाही विचार हवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. असे पुष्कळसे लॅपटॉप पंख्याविना असतात. फार तापले कीं प्रोसेसर आपली चाल आपणच मंद करितो. म्हणून लॅपटॉप गोधडीवर न ठेवितां पाटावर किंवा मेजावर ठेवावा.

मग जुना प्रोसेसर टाकाऊ समजावा काय? तसें मुळींच नाहीं. मराठी टंकलेखन, पुस्तकवाचन, हिशेबाचे तक्ते यांस एन ४०२० पुरतो; विशेषतः लिनक्सची एखादी हलकी प्रणाली घातल्यास तो बराच सुखानें चालतो. परंतु चलच्चित्रांतून पाठ ऐकत टिपणें घेणें, अनेक पानें एकदम उघडणें, प्रोग्रॅमिंग शिकणें, यांत तो धापा टाकूं लागतो. त्याच्याबरोबर बहुधा ४ जीबीच मेमरी दिलेली असते, तीही अडथळा करिते. ८ जीबी मेमरी व एसएसडी साठा असेल तर एन १०० चा खरा गुण दिसून येतो. हे दोन्ही प्रोसेसर मुख्य पाटीवर कायमचे डाखलेले असतात. मागाहून बदलतां येत नाहींत, हेंही विसरूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. तो आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. तुम्हीही दुकानीं जाण्यापूर्वीं कागद घेऊन बसा. पुढील तीन वर्षें आपणांस कोणतें काम करावयाचें आहे, तें लिहा. नंतर प्रोसेसरचें पूर्ण नांव, कोअरांची संख्या, मेमरी व साठा हीं चार उत्तरें दुकानदाराकडून लिहून घ्या. केवळ वॅट किंवा केवळ गिगाहर्ट्झ ऐकून पैसे मोजूं नका. आईबापांच्या घामाचा पैसा सत्कारणीं लागावा, एवढीच आमची इच्छा आहे.