पहिले भारतीय सेनाप्रमुख शिवसेनेच्या पाठिंब्यावर मुंबईतून उभे राहिले आणि पडले

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि नांदेडसह सगळा मराठवाडा एका जनरलच्या कारभाराखाली गेला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं लातूरही त्यात होतं. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी गव्हर्नर १९४९ अखेरपर्यंत त्या पदावर होते. त्यांना कुणाच्या दारात मतं मागायला जावं लागलं नाही.

त्यांचेच एकेकाळचे वरिष्ठ जनरल करिअप्पा यांना मात्र जावं लागलं, तेही मुंबईत.

करिअप्पा म्हणजे साधं नाव नव्हे. १५ जानेवारी १९४९ ला ते पहिले भारतीय सरसेनापती झाले. आपण लष्कर दिन साजरा करतो तो याच तारखेमुळं. जवानांनी राजकारणापासून चार हात लांब राहावं, हे त्यांनीच फौजेला बजावलेलं. १९५३ ला ते निवृत्त झाले.

तेच करिअप्पा सत्तरी ओलांडल्यावर, १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला अपक्ष उभे राहिले. पाठिंबा शिवसेनेचा. गंमत बघा, करिअप्पा कोडगूचे, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातले. आणि याच राज्याशी असलेल्या सीमावादावरून दोनच वर्षांपूर्वी सेनेनं मुंबई पेटवली होती! पण शिस्त आणि कम्युनिस्टविरोध या दोन गोष्टींवर दोघांचं जुळत होतं.

मतदारसंघही काही साधा नव्हता. ६२ च्या युद्धावेळचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना याच ईशान्य मुंबईनं १९६७ ला पाडलं होतं. बर्वेंकडून आधी हरले, बर्वे वारल्यावर पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रेंकडूनही हरले. तेव्हा सेना मेनन यांच्या विरोधात होती.

मग जनरलसाहेबांचं गणित कुठं चुकलं?

एक तर इंदिरा गांधींची 'गरिबी हटाओ'ची लाट. दुसरं म्हणजे समोर काँग्रेसचे राजा कुलकर्णी. ते कामगार नेते आणि मतदारसंघ कामगारांचा. करिअप्पांकडं नाव मोठं होतं, पण स्वतःचे कार्यकर्ते नव्हते आणि मुंबईत मुळंही नव्हती. उसन्या पाठिंब्यावर ते हरले.

याउलट आझाद हिंद फौजेचे जगन्नाथराव भोसले काँग्रेसकडून खासदार आणि पुढं उपमंत्री झाले. १९९१ मध्ये फौजेतून आलेल्या सुधीर सावंतांनी राजापुरात चक्क मधू दंडवतेंना हरवलं. दोघंही कोकणातले आणि दोघांमागं पक्षाची यंत्रणा होती.

नियम आजही तोच आहे. सेवेत असताना राजकारण बंद, निवृत्तीनंतर निवडणूक लढवायला मोकळीक. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगानं २०१९ मध्ये पक्षांना पुन्हा बजावलं.

करिअप्पांना १९८६ मध्ये फील्ड मार्शल केलं गेलं. तो हुद्दा देणारं सरकार काँग्रेसचंच होतं.