फ्रिजमधला बिनभाड्याचा रूममेट

रात्रीचे साडेअकरा. डेडलाइन डोक्यावर आणि पोटात कावळे. अशा वेळी माझा एकच तारणहार, फ्रिजमधलं चिकन सलामीचं पाकीट. ब्रेड, मेयॉनिज, चार चकत्या, झालं डिनर! पाकीट फोडून किती दिवस झाले? पाच? सहा? जाऊ दे ना यार, तारखेला अजून दोन आठवडे आहेत.

तेवढ्यात टोरांटोहून मावसबहिणीचा फोन. ताईला चौथा महिना लागलाय. ‘‘अगं, डॉक्टरांनी कोल्ड कट्स बंद केलेत. कडकडीत गरम करून खाल्ले तर चालतील म्हणे. आधीच शिजवलेलं मांस पुन्हा कशाला शिजवायचं? तू पत्रकार ना, शोध की!’’

शोधलं. सँडविच मात्र तसंच राहिलं.

व्हिलनचं नाव लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. बाकीचे बहुतेक त्रासदायक बॅक्टेरिया फ्रिजमध्ये गारठून गप्प बसतात. हा पठ्ठ्या शून्याच्या आसपासही हळूहळू वाढत राहतो. म्हणजे आपण फ्रिजमध्ये ठेवून त्याचे स्पर्धकच कमी करतो! धडधाकट माणसाला बहुधा फारसं काही होत नाही. पण म्हाताऱ्यांच्या जिवावर बेतू शकतं आणि गरोदर बाईचं मूल जाऊ शकतं. शिवाय लक्षणं दिसायला कधीकधी दोन महिनेही लागतात. तोवर काय खाल्लं होतं, हे कोणाला आठवणार?

ताईच्या डॉक्टरांच्या सावधपणामागे तिथली एक जखमही आहे. 2008 साली टोरांटोतल्याच एका कारखान्यातल्या मांसामुळे कॅनडाभर 57 जण आजारी पडले, 20 हून अधिक दगावले. बरेचसे हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात राहणारे. मांस नीट शिजलेलं होतं. घोळ झाला तो नंतर, चकत्या कापणाऱ्या मशिनच्या आत, जिथे रोजच्या सफाईचा हात पोचत नव्हता. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे तपासणीत लिस्टेरियाच्या खुणा आधीपासून अधूनमधून सापडत होत्या. दर वेळी साफसफाई व्हायची, काम पुढे चालू. ते सगळे रिपोर्ट एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा बॅक्टेरिया किती वाढेल याचं भाकीत चक्क गणिताने करता येतं. 1982 मध्ये टास्मानियातल्या रॅटकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बॅक्टेरियाच्या वाढीच्या वेगाचं वर्गमूळ घेतलं तर थंड तापमानात ते जवळपास सरळ रेषेत चढतं. त्यात मीठ, आंबटपणा, मोकळं पाणी हे आकडे घातले, की कुठल्या दिवशी किती बॅक्टेरिया असतील याचा अंदाज निघतो. पीएच 4.4 च्या खाली किंवा पदार्थातलं मोकळं पाणी 0.92 च्या खाली गेलं, तर वाढ थांबते असं युरोपचा नियम मानतो. इटलीची आंबवून वाळवलेली सलामी म्हणूनच बरीच सुरक्षित. आपली ओलसर, मऊ, शिजवलेली सलामी तिची फक्त नामबंधू!

म्हणून कंपन्या लॅक्टेट, डायअ‍ॅसिटेट घालतात, बंद पाकिटावर प्रचंड दाब देतात. अमेरिकेत तर 2006 पासून बॅक्टेरिया खाणाऱ्या विषाणूंचा फवारा मारायलाही परवानगी आहे.

पण हे सगळं हिशेबातलं तापमान सांभाळलं तरच. चार अंशांना दुप्पट व्हायला लिस्टेरियाला दिवस-दीड दिवस लागतो, दहा अंशांना काही तास पुरतात. दहा वेळा दुप्पट झालं की एकाचे हजार. आणि तारीख असते ती न फोडलेल्या पाकिटाची. ते फोडलं, की तुमची सुरी, तुमचे हात, तुमचा फ्रिज!

मी थर्मामीटर आणून माझ्या फ्रिजच्या दारात ठेवला. सकाळी पाहिलं, नऊ अंश. लाडकं पाकीट नेमकं तिथेच असायचं, मेयॉनिजशेजारी. ते गेलं कचऱ्यात. आता छोटं पाकीट आणते, आतल्या खालच्या कप्प्यात ठेवते आणि फोडलं की तीन दिवसांत संपवते.

ताईला मेसेज केला : 74 अंश, म्हणजे आतपर्यंत वाफ यायला हवी. अर्ध्या तासात तिकडून फोटो आला. तव्यावर कडा कुरकुरीत झालेलं हॅम, वर कांदा आणि लाल तिखट. खाली लिहिलं होतं, ‘भाजी समजून खातेय.’