अमन आणि शांती

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. मी कॉलेजातून आलो की आई ‘ऊट आयता?’ विचारते, वडील ‘जेवलास का?’ म्हणतात. शब्द दोन, काळजी एकच. आजोबांची शाळा तर निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाली. 1956 पर्यंत बीदर, उस्मानाबाद आणि हैदराबाद एकाच राज्यात होते ना! एवढ्या भाषा घरात असूनही शेजारच्या मुसलमान कुटुंबाचा धर्म नेमके काय सांगतो, हे चाळिशी उलटेपर्यंत मी कधी विचारले नव्हते.

ही उणीव ध्यानात आली ती हैदराबादच्या हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटची कहाणी समजल्यावर. नव्या कराराचे उर्दू भाषांतर करणारे मिशनरी हेन्री मार्टिन 1812 मध्ये वारले. त्यांच्या नावाची ही संस्था 1930 मध्ये लाहोरला निघाली. हेतू उघड होता. मुसलमानांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्यांना इस्लामची माहिती द्यायची. 1971 मध्ये संस्था हैदराबादला आली. तोवर देशही बदलला होता. एकेकाळी कोणाचा धर्म वरचढ हे दरबार ठरवत असे. आता ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही समान हक्कांचे नागरिक होते. जो धर्म खोडून काढण्यासाठी शिकायचा, तो समजून घेण्यासाठी शिकणे हळूहळू सुरू झाले. प्रचाराची जागा संवादाने घेतली. त्यासाठी कोणाला आपली श्रद्धा सोडावी लागली नाही.

डिसेंबर 1990 मध्ये हैदराबादच्या जुन्या शहरात हिंदू-मुसलमान दंगल पेटली, तेव्हा या संवादाची कसोटी लागली. ‘भांडण आपले नाही’ म्हणून ख्रिस्ती मंडळींना घरी बसता आले असते. पण संस्थेची माणसे मदतीला उतरली. पुढे सुलतान शाही वस्तीत मुलांच्या शिक्षणाचे आणि बायकांच्या शिवणकामाचे काम उभे राहिले. त्याचे नाव ‘अमन-शांती’.

नाव ऐकले आणि आईवडिलांची आठवण झाली. इथेही शब्द दोन, अर्थ एकच.

लोकशाही मतपेटीत दर पाच वर्षांनी दिसते, पण ती टिकते गल्लीत. शेजाऱ्याच्या मताला आपल्याइतकीच किंमत आहे, हे तिथे रोज मानावे लागते. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या सीमाभागातल्या माणसांना हे जड जाऊ नये.

यंदा ईदला शेजारून शीरखुर्मा आला, तेव्हा नुसता डबा परत केला नाही. आत जाऊन बसलो आणि रोजाविषयी विचारले. चाचा तासभर बोलत होते. निघताना म्हणाले, “सर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलंत.”