लहान मुलांसाठी स्वस्त टॅब घेताय? पैसे देण्याआधी एवढे तपासा

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक ताई नवा टॅब घेऊन आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी पैसे साठवले होते. मुलगी पहिलीत. "दादा, साडेतीन हजारांत मिळाला. खोक्यावर आठ जीबी लिहिलंय, पण काहीच नीट उघडत नाही," असे त्यांचे म्हणणे. टॅब सुरू व्हायलाच तीन-चार मिनिटे लागत होती. अभ्यासाचे अ‍ॅप उघडले की आपोआप बंद पडे. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तर खरी रॅम दोन जीबी निघाली. दुकानदाराने पक्के बिल दिलेच नव्हते, त्यामुळे परत करायची वाटही बंद.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि तेव्हापासून "मुलाला टॅब घेऊन दिला पाहिजे" ही गोष्ट गरीब घरांतही बोलली जाऊ लागली. आईवडील पोटाला चिमटा काढून पैसे जमवतात, आणि बाजार नेमका त्याच पैशावर डोळा ठेवून असतो. ज्यांच्या घरात पहिलीच पिढी शिकते आहे, त्यांना सांगणारे कोणी नसते. ते सांगण्याचे काम आपल्यासारख्या शिकलेल्या तरुणांचे आहे. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

आधी ठरवा, टॅब हवा की नको

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षांच्या आतील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके चांगले, असे त्यात म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण असाच आहे. दोन वर्षांखालील मुलाने आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे एवढाच अपवाद. दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठे माणूस शेजारी बसून.

म्हणजे बालवाडीतल्या मुलाला टॅब ही गरज नाही. त्याला पाटी, रंगखडू, चित्रांची पुस्तके आणि खेळायला अंगण लागते. टॅबचा खरा उपयोग सुरू होतो तो पहिली-दुसरीपासून. तेव्हाही घरातला मोबाइल संध्याकाळी तासभर मोकळा मिळत असेल, तर तेवढ्यावर भागते. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमधून मोबाइलवरही उघडतात. मोबाइल कामावर घेऊन जावा लागतो आणि घरात शिकणारी दोन-तीन मुले आहेत, अशा घराला मात्र टॅब खरोखर कामाला येतो.

'टॅब' नावाने काय काय विकले जाते

बाजारात या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली, दोन-तीनशे रुपयांची 'एलसीडी रायटिंग पॅड'. ही फक्त लिहून पुसायची पाटी आहे. वस्तू वाईट नाही, पण तिच्या मागे बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू असेल तरच ती घ्या, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

दुसरी वस्तू म्हणजे बटण दाबले की ए-बी-सी-डी म्हणणारे प्लॅस्टिकचे खेळणे. महिनाभरात मुलाला कंटाळा येतो. तिसरी वस्तू म्हणजे खरा टॅब. तो बहुतेक अँड्रॉइडवर चालतो. पुढची माहिती याच तिसऱ्या वस्तूबद्दल आहे.

'आकाश'चा धडा

स्वस्त टॅबचे स्वप्न आपल्या देशाने सरकारी पातळीवरही पाहिले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' टॅब विद्यार्थ्यांसाठी आला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण त्यात रॅम होती २५६ एमबी, आणि पडदा असा की बोट दाबून धरल्याशिवाय दाद देत नसे. संथपणाच्या आणि बॅटरी लवकर उतरण्याच्या तक्रारी आल्या. वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, दुप्पट रॅम आणि चांगला पडदा असलेला 'आकाश-२' आणावा लागला.

हेतू चांगला होता, पण किंमत आधी ठरवली आणि टॅब त्या किमतीत बसवला. आज वस्तीतल्या घरांत नेमके हेच होते. "तीन हजारांत काय बसते?" असे विचारत आपण दुकानात जातो. विचारायला हवे ते असे: "हा टॅब किती वर्षे चालेल?"

हिशेब करून पाहा. साडेतीन हजारांचा टॅब सात महिन्यांत निकामी झाला, तर महिन्याला पाचशे रुपये पडले. ९,६०० रुपयांचा टॅब चार वर्षे चालला, तर महिन्याला दोनशे. गरीब घराला स्वस्त वस्तूच जास्त महाग पडते ती अशी.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

रॅम आणि स्टोरेज: रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. फडताळ कितीही मोठे असले तरी ओटा लहान असेल, तर एका वेळी एकच भांडे मावते. आजच्या अ‍ॅपसाठी ४ जीबी खरी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज हे किमान धरा. खोक्यावर '४+४' किंवा '८ जीबीपर्यंत रॅम' असे लिहिलेले असेल, तर त्यातले चारच खरे. बाकीचे चार म्हणजे फडताळाची एक फळी ओटा म्हणून वापरणे. त्याने वेग फारसा वाढत नाही. मेमरी कार्डाची खाच असेल तर उत्तम.

अँड्रॉइड आणि अपडेट: अँड्रॉइडची आवृत्ती जितकी जुनी, तितक्या लवकर अ‍ॅप चालेनाशी होतात. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे काहीच लिहिलेले नसेल, तर अपडेट मिळणार नाही असेच समजा.

पडदा आणि वजन: लहान हातांना आठ ते नऊ इंच पुरे. दहा-अकरा इंचांचा टॅब जड होतो, हातून पडतो, आणि पडदा बदलायचा खर्च ऐकला की नवीनच घ्यावासा वाटतो.

बॅटरी: ५,००० एमएएचच्या आसपास असावी आणि चार्जिंगची पिन टाइप-सी असावी. म्हणजे घरातला मोबाइलचा चार्जर चालतो.

सिम की वायफाय: सिमचा टॅब महाग असतो. लहान मुलासाठी फक्त वायफायचा घ्या. आईने किंवा वडिलांनी मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू केले, तरच टॅबला इंटरनेट मिळेल. पैसे वाचतात आणि लगामही आपल्या हाती राहतो.

कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, याकडे पाहूच नका.

सॅमसंग, लेनोव्हो, रेडमी यांसारख्या कंपन्यांचे या मापाचे टॅब साधारण दहा हजार रुपयांच्या आगेमागे मिळतात. भाव सतत बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. एवढे जमत नसेल, तर अनोळखी नावाच्या नव्या टॅबपेक्षा चांगल्या कंपनीचा वापरलेला टॅब बरा. पण बॅटरी किती टिकते आणि अपडेट अजून येतात का, हे पाहून आणि दुकानाची लेखी हमी घेऊनच.

दुकानात पाच मिनिटे द्या

१. टॅब सुरू करायला लावा. सेटिंगमध्ये टॅबच्या माहितीचे पान उघडा. खरी रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख तिथे दिसते. तारीख दोन-तीन वर्षे जुनी असेल, तर टॅब ठेवून द्या.

२. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडा. तिथे प्ले प्रोटेक्टचे प्रमाणपत्र आहे की नाही ते कळते. प्रमाणित नसलेल्या टॅबमध्ये आधीच काय भरून ठेवले आहे, याचा भरवसा नाही.

३. टॅबवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोफत अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोणत्या कंपनीची नोंद आहे ते दिसते. चार्जरवरचा क्रमांकही पाहा. मुलाच्या हातात वस्तू द्यायची आहे आणि हलका चार्जर तापतो.

४. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्या आणि त्यावर टॅबचा अनुक्रमांक लिहून घ्या. "बिल नको, दोनशे कमी करतो" याला भुलू नका. ते दोनशे रुपये म्हणजे तुमची वर्षभराची वॉरंटी असते.

५. कंपनीचे सेवा केंद्र आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे का, ते विचारा.

ऑनलाइन मागवला, तर खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. हप्त्यावर घेत असाल, तर 'बिनव्याजी' या शब्दावर थांबू नका. प्रक्रिया शुल्क धरून एकूण किती रुपये जाणार, ते विचारा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरी आणल्यावर

मुलाच्या हातात देण्याआधी गुगलचे 'फॅमिली लिंक' हे मोफत अ‍ॅप पालकांच्या मोबाइलवर घ्या. रोज किती वेळ, रात्री कधी बंद, कोणते अ‍ॅप चालेल, हे त्यातून ठरवता येते. टॅबमध्ये आईवडिलांचे बँकेचे अ‍ॅप किंवा यूपीआय ठेवू नका. जाड रबरी कव्हर आणि पडद्याची काच पहिल्याच दिवशी लावा. जेवताना आणि झोपण्याआधी तासभर टॅब नको. चार्जिंग सुरू असताना मुलाच्या हाती देऊ नका. आणि दिवसातून तास-दोन तास मूल बाहेर उन्हात खेळू द्या, डोळ्यांसाठी ते गरजेचे आहे.

मग टॅबवर करायचे काय? बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीत चित्रकथा आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते दाखवले आहे. हे एकदा उतरवून ठेवले की रोज नेट लागत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे

जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात दहा मुलांना दहा हलके टॅब वाटण्याचा मोह होतो. फोटो चांगला येतो, पण सहा महिन्यांनी दहाही टॅब माळ्यावर जातात. त्याच पैशात तीन-चार चांगले टॅब अभ्यासिकेत ठेवा. नोंदवही करा, वेळा लावून द्या, चार्जिंगची जबाबदारी एका तरुणाकडे द्या आणि मुलांजवळ बसायला रोज कोणीतरी असू द्या. दान देणाऱ्यांनाही आधीच सांगा की वस्तू आम्ही निवडू.

आणि वस्तीतले कोणी टॅब घ्यायला निघाले, तर त्यांच्याबरोबर दुकानात जा. तुमचा अर्धा तास जाईल, पण त्या घराची महिनाभराची कमाई वाचेल.

त्या ताईंचा टॅब आम्ही फेकला नाही. त्यातले जास्तीचे सगळे काढून टाकले, नेट बंद केले आणि पहिलीची पुस्तके व 'किशोर'चे काही अंक भरून दिले. वाचण्यापुरता तो आता चालतो. त्यांची मुलगी रोज संध्याकाळी अभ्यासिकेत येते आणि अर्धा तास वाचून झाला की टॅब ठेवून बाहेर लगोरी खेळायला पळते.