घुमटावरचा लेझर

विज्ञानाच्या विषयावर एका युनियनवाल्याने बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात. पण लेझरच्या खेळाची हकीगत वाचली, आणि ती आमच्याच धंद्यातली निघाली.

पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. दिव्याचा उजेड चहूकडे पांगतो, त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेझरचा उजेड एकाच रंगाचा, आणि कवायतीतल्या पलटणीसारखा पावलाशी पाऊल मिळवून एका रेषेत चालणारा. एल्सा गार्मायर या पदार्थविज्ञानी बाईंचे लेझरचे प्रयोग आयव्हन ड्रायर यांनी १९७० साली चित्रित केले. पण फिल्मवर ती झळाळी उतरेना. तेव्हा लेझरच लोकांपुढे न्यावा, असे त्यांनी ठरवले. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेने आधी नकार दिला. अखेर १९ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्या तारांगणात ‘लेझेरियम’ सुरू झाले.

क्रिप्टॉन वायूच्या लेझरचा झोत लोलकातून नेऊन तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे चार वेगळे करीत. इवले आरसे हलवले की ठिपका घुमटावर इतक्या वेगाने धावे, की डोळ्याला अखंड रेघ दिसे. जळते कोलीत फिरवले म्हणजे वर्तुळ दिसते, तसेच. खडबडीत काचेतून झोत गेला की रंगीत ढग तरंगत.

संगीत ध्वनिमुद्रित असे, पण आकृत्या मात्र अंधारात बसलेला एक माणूस त्या त्या क्षणी कळा फिरवून काढी. म्हणून कालचा खेळ आज जसाच्या तसा होत नसे. यंत्र आले की माणूस गेला, हे ऐकण्यात आमचे आयुष्य गेले. येथे यंत्रानेच नवा कारागीर घडवला! (पुढे या धंद्यात संगणक आला, ते निराळे.)

हा कारागीर जोखमीचा माल हाताळतो. डोळ्याचे भिंग लेझरचा झोत पडद्यावर एका बिंदूत गोळा करते आणि तो जाळू शकते. लेझेरियमची चित्रे प्रेक्षकांच्या डोक्यावर, घुमटावर पडत. अमेरिकेत १९७६ साली लेझरयंत्रांना सरकारी नियम लागू झाले. आपल्याकडे २०२३ च्या गणेशविसर्जन मिरवणुकांत लेझरने तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळात आम्ही विचारले, “यंत्रापाशी कोण बसतो?”

“भाड्याच्या मालाबरोबर एक पोरगा येतो,” कार्यकर्ता म्हणाला.

“त्याला शिकवले कुणी?”

हे त्याला कधी कोणी विचारलेच नव्हते.